गौराची वीत

१३ जानेवारी १९९७

वही आली! अडीच महिने वाट बघितली. पोस्टमन दारात दिसला तसा रंधा हातातनं टाकून धावलो, तर गौरा म्हणती, "अहो, आधी हात तरी पुसा." पुसले. वहीत भुसा पडलेला मला पण चालत न्हाय.

आजपासनं ही डायरी लिहायची ठरवलीया, कारण यंदा मी रुकडीचा पूल करणार. शिवाजी पेठेतल्या माझ्या माडीवर कोल्हापूर स्टेशन हाय, गूळ मार्केट हाय, वळिवडं हाय. सगळं लाकडात, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा हिस्सा. पंचगंगेवरचा पूल झाला की माझी गाडी रुकडीला पोचली. पुढच्या उन्हाळ्यात सांगलीत आमच्या नऊ जणांचा मेळा हाय. पूल सुटा करून तिथं न्यायचा आणि एकेकाची तोंडं बघायची.

नऊ जण म्हणजे छोट्या रेल्वेचं खूळ असलेली नऊ डोकी. सांगलीचे गणपतराव, रिटायर्ड गार्ड, आमचे म्होरके. ही फिरती वही त्यांनीच काढली. प्रत्येकानं आपल्या कामाचे फोटो चिकटवायचे, दुसऱ्यांच्या फोटोखाली शेरा लिहायचा आणि आठ दिवसांच्या आत वही पुढच्याला पोस्टानं धाडायची. शेरा न लिहिता वही पुढं जाता कामा नये. आणि फोटोत मापासाठी कायतरी ठेवायचंच. कोण काड्यापेटी ठेवतंय, कोण पेन. मी गौराचा हात ठेवतो. पहिल्यांदा गाडीचा डबा पुसताना तिचा हात चुकून फोटोत आलता. मी लई खेकसलो तिच्यावर, पण गणपतरावांनी शेरा मारला, "वहिनींच्या वितीमुळे माप एकदम कळले." तवापासनं तेच ठरून गेलं. माझा एक डबा पावणेदहा इंच, म्हणजे गौराची एक वीत आणि वर दोन बोटं. नाशकापासनं हुबळीपर्यंत आठ माणसं ही वीत ओळखत्यात.

नवा फोटो चिकटवला. हिरव्या बांगड्या, बोटं अगदी ताणलेली. "अजून ताण," म्हणलं, ताणली बिचारीनं. बायको चांगली हाय माझी. बोलती कमी.

३ मार्च

फलाट चुकला. दोन महिन्यांचं काम! सहा फुटाचा फलाट पाऊण इंचानं जास्त भरला, आणि वरच्या जिन्याचे खांब भोकात बसंनात. मी मापात चुकत न्हाय. सव्वीस वर्षं झाली फौंड्रीवाल्यांना लाकडाचे पॅटर्न करून देतोय. त्यात वाळू दाबायची आणि लोखंड ओतायचं, म्हणजे माझं माप चुकलं की टनभर लोखंड वाया. आजवर एक पॅटर्न परत आला न्हाय.

म्हणजे कुणीतरी हलवलं. माडीवर दुसरं कोण येतंय?

"मी नुसता केर काढला ओ," गौरा म्हणाली.

"मग फलाट काय आपोआप वाढला?"

"मी हातसुद्धा लावला न्हाय."

उलटं उत्तर आलं की माझं डोकं फिरतंय, हे तिला बावीस वर्षांत कळू नये? हात धरला आणि करंगळी मागं वाकवली. नुसतं कबूल करून घ्यायला. ती कबूल करंना. मग कट्‌ असा आवाज आला. खाली जिन्यात बसून ती रडाय लागली, तशा शेजारच्या झुंबरबाई भिंतीवरनं डोकावल्या. "काय झालं गं गौरा?" मी म्हणलं, दारात सापडलं बोट. गौरानं पण मान हलवली.

एवढं लागायला नको होतं. पण दोन महिन्यांचं काम हाय की हो!

११ मार्च

फलाट का चुकला ते सापडलं. लोखंड गार होताना आकसतंय, म्हणून पॅटर्न जरा मोठाच करावा लागतो. त्यासाठी आमच्याकडं आकसपट्टी असती, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. उचगावच्या माझ्या शेडमधली ती पट्टी माझ्या पिशवीतनं घरी आलती आणि फलाट मी तिच्यानं मोजलता. हसायलाच आलं. नवशिका पण असं करणार न्हाय.

गौराला सांगितलं न्हाय. सांगून काय तिचं बोट बरं होणार हाय? येताना गरम जिलेबी आणली. ती करंगळीला फडकं गुंडाळून भाकरी थापत होती. जिलेबीकडं बघितलं पण न्हाय. माणूस प्रेमानं आणतंय आणि हिचं तोंड वाकडं! ताट उचलून भिंतीवर हाणलं. मग तिनं भिंत पुसली, जमीन पुसली आणि एक जिलेबी खाल्ली. आधीच खाल्ली असती तर?

७ एप्रिल

वही आली. मिरजेच्या प्रसेनजीतकडनं माझ्याकडं येती आणि माझ्याकडनं सांगलीला गणपतरावांकडं जाती. नवा फलाट आणि जिन्याचा फोटो चिकटवला. गौराची करंगळी नीट ताणत न्हाय म्हणून तीन वेळा बटण दाबावं लागलं. रोलची नासाडी.

२२ एप्रिल

फौंड्रीचा सुपरवायझर म्हणाला पॅटर्नला ढाळ कमी हाय, वाळूतनं सुटायचा न्हाय. मी म्हणलं, तुझ्या बानं बघितला हुता काय ढाळ? तो हसला. मी पटाशी फेकली. त्याच्या कानाच्या पाळीला घासून दारात घुसली. तीन जणांनी धरलं मला. आता त्यांचं काम बंद. गेलं तर गेलं. हसायचं न्हाय माझ्या कामाला.

घरी आलो तर आमटीत मीठ नव्हतं. पुढचं लिहीत न्हाय.

६ जुलै

आज लई झालं. सगळं नीट लिहितो.

रविवार होता, पण शेडला न जाता मी माडीवर पुलाच्या कमानी तासत बसलतो. प्रसेनजीत स्वतः वही घेऊन आला, बरोबर त्याची बायको संघप्रिया, ती शाळेत बाई हाय. प्रसेनजीत मिरजेत एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. तसा सभ्य माणूस. त्याचं मिरज जंक्शन मी फोटोतच बघितलेलं, आज माणूस बघितला. बायका खाली स्वयंपाकघरात गेल्या, आम्ही वर.

आधी वही उघडली आणि माझं डोकंच सणकलं. माझ्या एप्रिलच्या फोटोखाली हुबळीवाल्यानं लिहिलेलं, "शिवाप्पांचे डबे वाढत चाललेत काय? पूर्वी एक वीत दोन बोटे होता, आता एक वीत तीन बोटे दिसतो." त्याच्या खाली नाशिकवाल्यानं, "मलाही तसेच वाटले. मापाकडे लक्ष द्यावे." मापाकडं! मला! डबा आणि पट्टी दोन्ही प्रसेनजीतच्या हातात दिलं. "मोज मर्दा. तूच मोज."

त्यानं मोजला. पावणेदहा. दुसरा मोजला, पावणेदहा.

"आण्णा, डबा बरोबर हाय," तो म्हणाला. "वहिनींची वीत मोजू का?"

"हात काय मोजतोस? रेल्वे हाताची हाय व्हय?"

"तसं न्हवं, माप त्याच्यावर धरलंय ना सगळ्यांनी."

त्यात चूक न्हवती. गौराला हाक मारली. तिनं हात टेबलावर ठेवला. प्रसेनजीतनं पट्टी लावली, पण तो पट्टीकडं बघतच न्हवता, तिच्या बोटांच्या पेरांवरनं हळूच अंगठा फिरवत होता. "हे कधीचं?" तिला विचारलं. गौरा माझ्याकडं बघाय लागली. मी म्हणलं, "दारात सापडलं." "आणि हे मनगटाचं?" "मोरीत पडली." ते खरं पण हाय, ती मोरीतच पडलती.

पावणेसात इंच भरली. "पहिल्या फोटोत आठ होती," प्रसेनजीत म्हणाला. मी म्हणलं, आता हुबळीवाल्याला कळलं असंल चूक कुणाची हाय! वय झालं की बायकांचे हात आकसत्यात. त्यानं पट्टी माझ्या हातात परत दिली. चहा पण अर्धाच प्याला. जाताना म्हणाला, "पुढच्या फोटोत दोन्ही हात ठेवा आण्णा, पालथे. आणि दर खेपेला ठेवा." असा बारीक बघणारा माणूस आमच्यात दुसरा न्हाय.

ती दोघं गेल्यावर गौराला विचारलं, तुम्ही दोघी खाली काय बोलत होता? म्हणाली, लोणच्याचं. जुलैत कसलं लोणचं? परत विचारलं. परत लोणचंच. तोंडात दोन दिल्या, ओठ फुटला. तरी लोणचंच म्हणाली. मग मात्र मला खरं वाटलं. एवढा मार खाऊन कोण खोटं बोलतंय?

वहीत हुबळीवाल्याच्या शेऱ्याखाली लाल शाईनं लिहिलं, "डोळे तपासून घ्या, न्हायतर मी हुबळीला येऊन तपासतो."

१९ ऑगस्ट

पुलाच्या सात कमानी झाल्या. गौराला ताप हाय, डाव्या कुशीवर झोपता येत न्हाय म्हणती. तिच्या बरगडीला काय झालं ते माझ्या ध्यानात न्हाय. खरंच न्हाय. रागात माणसाला काय आठवतंय?

झुंबरबाईनं आज रस्त्यात गाठून सांगितलं, "शिवाप्पा, भिंत एका विटेची हाय. सगळं ऐकू येतंय." मी म्हणलं, मग कानात कापूस घाला.

६ ऑक्टोबर

वही आली. हुबळीवाला गप्प बसलाय. बरं झालं.

पण ह्या खेपेला प्रसेनजीतच्या पानावर गंमत हाय. त्यानं आपल्या मिरज जंक्शनचं वेळापत्रक चिकटवलंय, संघप्रियाच्या अक्षरात. त्यात लिहिलंय, "कोल्हापूरहून सकाळी ८.१० ला सुटणारी पॅसेंजर. दर मंगळवारी ही गाडी येते तेव्हा फलाटावर पाण्याच्या नळाशी हिरव्या साडीतली बाई उभी असते. गाडी रिकामी झाली तरी ती थांबते. एकही मंगळवार चुकत नाही." आणि खाली फोटो. फलाटावर नळ, नळाशी बोटाच्या पेराएवढी बाई, हिरवी साडी. मापासाठी पेन.

मी पोट धरून हसलो. लाकडाची बाई मंगळवार कसा पाळणार? आणि गाडीची वेळ साफ चुकलेली! पॅसेंजर ७.५५ ला सुटती. माझी उचगावची शेड फाटकाजवळच हाय, सोमवारी सुट्टी सोडली तर रोज सव्वाआठला ती गाडी फाटकावरनं जाताना मी बघतो. रेल्वेचं खूळ असलेल्या माणसानं एवढी चूक करावी? त्याच्या पानावर ठसठशीत दुरुस्ती लिहिली, "७.५५. कोल्हापूर फलाट क्र. १. तिकिटासाठी साडेसातला पोचावे, गर्दी असते."

गौरा फरशी पुसत होती, तिला पण वाचून दाखवलं. ती पुसायची थांबली. "परत वाचा की," म्हणाली. परत वाचलं. मग विचारलं, "खरंच सातपंचावन्नला सुटती व्हय?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं रेल्वेचं कायतरी विचारलं! मला इतकं बरं वाटलं! तिला माडीवर नेलं, गाडी चालवून दाखवली. कुठनं तिकीट, कुठनं फलाट, बायकांचा डबा कुठं लागतो, सगळं बोटानं दाखवलं. तिनं शाळेतल्या पोरीगत ऐकून घेतलं. असं आधी असती तर आमच्यात भांडणंच झाली नसती.

फोटोत तिचे दोन्ही हात ठेवले, प्रसेनजीत म्हणाला तसे.

१० नोव्हेंबर

सोमवार, सुट्टी. आज पूल बसवायचा दिवस. दहा महिने मी ह्या दिवसासाठी राबलोय.

शेवटच्या दोन कमानी गौराला धरायला लावल्या, मी खालनं खुंट्या ठोकत होतो. "हलवू नको," म्हणलं. म्हणाली, "बोटात जोर न्हाय ओ, सुटंल." म्हणलं, "सुटलं तर बघ." आणि सुटलंच. सुटलं ते सुटलं, खालच्या तीन कमानी घेऊन गेलं. सागवान चिरल्याचा आवाज माझ्या कानात अजून हाय.

तिचा हात टेबलावरच होता. माझ्या हातात मोगरी होती, लाकडी, खुंट्या ठोकायची. मारली. ती ओरडली न्हाय, त्यानं मला अजून राग आला. परत मारली. किती वेळा ते मोजलं न्हाय. हात टेबलाला चिकटल्यागत तिथंच राहिला, तिनं काढूनसुद्धा घेतला न्हाय. मग मीच थांबलो, कारण टेबलावरच्या रुळांवर रक्त गेलं आणि ते गंजत्यात.

रंकाळ्याकडच्या हाडवैद्याकडं नेलं. उखळ पडलं म्हणून सांगितलं. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि माझ्याकडं बघत ऱ्हायला. म्हणाला, "पावणं, उखळ किती वेळा पडलं?" मी म्हणलं, तू बांध.

घरी आल्यावर तिला स्वतःच्या हातानं दूध दिलं. आता सहा महिने मापाला कुणाचा हात ठेवायचा?

११ नोव्हेंबर

पहाटे लवकर आवरून उचगावला गेलो. मोडलेल्या कमानींसाठी सागवान बघायचं होतं. गौरा झोपलेली होती, उठवली न्हाय. दया येतीच की माणसाला.

सव्वाआठला फाटक पडलं. पॅसेंजर आली. आज नऊ डबे. तिसऱ्या डब्याचा तांबडा रंग नवीन मारलेला हाय, कडेची पिवळी पट्टी जरा रुंद. शर्टाच्या खिशातल्या चिठ्ठीवर टिपून घेतलं. बायकांच्या डब्यात खिडकीत कुणीतरी डोक्यावरनं पदर ओढून बसलेलं, हात पांढऱ्या फडक्यात. मी रंगच बघत होतो. गाडी गेली, फाटक उघडलं, सायकलवर बसलो.

सहाला घरी आलो. दार नुसतं ओढून घेतलेलं. चूल गार. टोपलीत कालच्या भाकरी फडक्यात बांधून ठेवलेल्या. कुठं गेली म्हणून झुंबरबाईच्या दारात गेलो. बाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "सकाळी मीच रिक्षात बसवली तिला. काय करायचं ते कर." मी हात उगारला, तर तिच्या मागं तालमीतली तिची दोन पोरं उभी.

चिठ्ठी अजून खिशात हाय. नऊ डबे. पट्टी रुंद.

१५ नोव्हेंबर

तीन दिवस डायरी न्हवती. मिरजेत होतो, त्यातला दीड दिवस चौकीत.

वेळापत्रक, मंगळवार, हिरवी साडी, सगळं डोक्यात जुळलं आणि बुधवारी तीच ७.५५ ची धरून मिरज गाठली. पिशवीत मोगरी होती. प्रसेनजीतच्या घराचा पत्ता वहीतच हाय. दार त्यानंच उघडलं. मी विचारलं पण न्हाय, सरळ घातली. खांद्यावर बसली. तो खाली पडला, तरी माझे पाय धरून ठेवले, सोडीनाच. दुसरी त्याच्या पाठीत घातली. संघप्रिया आतनं पितळेची कळशी घेऊन आली आणि माझ्या तोंडावर हाणली. समोरचे दोन दात गेले. शाळामास्तरीण म्हणे!

मग गौरा दारात आली. हाताला प्लास्टर, कोपरापर्यंत. मी रक्त थुंकून म्हणलं, "चल घरी."

"येत न्हाय."

"चल म्हणतो की!"

"मारा," ती म्हणाली. "हितं सगळ्यांसमोर मारा. बावीस वर्षं दार लावून मारलंत, आता उघड्यावर मारा की! बघू दे लोकांना किती ताकद हाय ते."

एवढं एका दमात ती कधीच बोलली न्हवती. माझा हात वर गेला, पण गल्ली गोळा झालती. पुढं कुणी मारलं, कशानं मारलं, ते सांगता येत न्हाय. लाथाच जास्त होत्या. पोलिसांनी उचललं तवा बरं वाटलं. केस झालीया, त्या नवरा-बायकोनं दिलीया, गौरानं पण.

घरी येऊन तसाच माडीवर गेलो. ह्या रेल्वेपायी हिनं माझं घर सोडलं? ठेवूच कशाला मग? कुऱ्हाड घेतली. आधी पूल, मग वळिवडं, मग कोल्हापूर स्टेशन. फलाटाला घाव घालताना तेवढा हात थांबला, नंतर त्याला पण घातला. सगळं गोळा करून अंगणात पेटवलं. सागवान चांगलं पेटतंय.

गाडीचे डबे तेवढे ठेवले. नऊ होते, मोजले तर आठच. एक न्हाय. नेला तिनं. चोरटी!

२३ जानेवारी १९९८

वही आली.

मला वाटलं आता कधी येणार न्हाय. ह्या खेपेला ती नेहमीच्या वाटेनं फिरलेली न्हाय. अर्ध्या वाटेतनं मिरजेला मागवून घेतली, तिथनं सगळ्यांकडं गेली आणि शेवटी माझ्याकडं. गणपतरावांची चिठ्ठी दोन ओळींची, "नियम तोच आहे. आठ दिवस. शेरा लिहिल्याशिवाय वही पुढे जाणार नाही."

पहिल्या पानावर नऊ जणांची नावं आणि पत्ते असत्यात. नवव्या नंबरला माझं नाव होतं. त्याच्यावर पट्टी धरून सरळ रेघ मारलीया. खाली लिहिलंय, "९. गौराबाई, मिरज."

शेवटचं पान उघडलं. एकच फोटो. एक्स-रेच्या काचेचा फोटो, काळा. त्यात हात, नुसती हाडं. करंगळी कुठल्या कुठं वळलेली, तळव्यातल्या हाडांचे तुकडे, एका बोटाला तर तीन जागी. बोटं ताणायला लावलेली असणार, कारण वीत धरल्यागत दिसतीया. आणि हाताशेजारी माझा डबा. चाकं आणि खिळे पांढरे फट्ट, लाकूड धुरकट. माझाच हाय, नववा.

खाली वाकड्या अक्षरात, डाव्या हातानं लिहिलेलं, "मापासाठी डबा ठेवलाय."

त्याखाली आठ सह्या. सांगली, नाशिक, पुणं, हुबळी, सगळ्यांच्या. प्रत्येकानं एकच शब्द लिहिलाय, "पाहिलं." आणि तारीख. आठ दिवस कुणीच ठेवलेली न्हाय, एकेक दोनदोन दिवसांत पुढं धाडलीया. खाली एका सहीपुरती जागा मोकळी.

वही चुलीजवळ नेली आणि परत आणली. माडी जाळली मी. माझं कोल्हापूर स्टेशन आता ह्या वहीशिवाय जगात कुठंच न्हाय.

२७ जानेवारी

ब्लेड घेतलं. म्हणलं, माझे फोटो तेवढे ठेवतो, हात कापून टाकतो. गेल्या एप्रिलचा फोटो घेतला, जिन्याचा. हाताच्या कडेनं ब्लेड फिरवलं. हात निघाला, पण फलाटाचा निम्मा भाग त्याच्याबरोबर गेला. उरलं ते बघितलं तर नुसता डबा आणि जिना. खरीच गाडी वाटाय लागली, कुणी माणूस नसलेली. मी ती एवढ्याशा लाकडात केलती हे कुणालाच कळणार न्हाय.

हात परत जागेवर ठेवून डिंकानं चिकटवला. कापलेलं दिसतंयच.

३१ जानेवारी

आज आठवा दिवस.

सकाळी पट्टी घेतली. साधी, आकसपट्टी न्हवं, दोनदा बघून घेतलं. प्रत्येक फोटोत डबा पावणेदहा इंच धरून वीत काढली. जानेवारीत आठ. एप्रिलमध्ये साडेसात. ऑक्टोबरमध्ये सहा. एक्स-रेत सव्वाचार.

परत काढली. तेवढीच आली. डबा सगळीकडं बरोबर हाय. हुबळीवाल्याला मी शिव्या घातल्या, पण त्याची नजर चुकलेली न्हवती. नऊ जणांत मापाचा माणूस मी, आणि हात माझ्या घरात.

शेरा लिहायला बसलो. पयलं मनात आलं ते हे, की डबा उलटा ठेवलाय, पायऱ्यांची बाजू मागं गेलीया. खरंच गेलीया. ते लिहिलं न्हाय. दुसरं आलं ते, की एवढं मी केलेलं न्हवतं, म्हणजे केलं असंल पण एवढं न्हाय. ते पण लिहिलं न्हाय, कारण वर पट्टी पडलेली होती. माझा हात फोटोशेजारी ठेवून बघितला. मोगरी धरून धरून अंगठ्याखाली घट्टा पडलाय. एक पण हाड वाकडं न्हाय.

दुपारी शेवटी लिहिलं. "पाहिलं." सही केली, तारीख घातली. वही कापडात शिवली आणि वर पत्ता घातला, गौराबाई, मिरज. तिचं नाव असं पत्त्यात मी पहिल्यांदाच लिहिलं.

पोस्टात गर्दी न्हवती. खिडकीतल्या कारकुनानं पार्सल वजनाला ठेवलं. ओळखीचा हाय तो, दर खेपेला मी त्याला वही उघडून माझे फोटो दाखवतो, मागच्या माणसांचा खोळंबा झाला तरी.

"काय पावणं, नवीन फोटो हायत काय रेल्वेचे?" म्हणाला. "दाखवा की."

न्हाय म्हणलं.